परक्यांचा कोपरा

सहमला थंडी पडली हे अंगाच्या आधी कानाला कळतं. मार्चपासून रात्रंदिवस घरघरणारा एसी नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी बंद होतो, आणि इतके महिने आपण कशाच्या आड राहत होतो ते तेव्हा ध्यानात येतं. समुद्र ऐकू यायला लागतो. शेजारच्या उम्म खमीसच्या बकऱ्या, मळ्यातला पाण्याचा पंप, मस्कतच्या रस्त्यावरचे ट्रक, सगळे एकदम घरात शिरतात. मी खिडक्या उघडते. किनाऱ्यावर गुरांसाठी वाळत घातलेल्या तारल्यांचा वास आणि लिंबाच्या बागांचा वास एकाच झुळकीबरोबर आत येतो. इथल्या जुन्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, नवख्याने मात्र नाक दाबावं. मग ट्रंकेतल्या गोधड्या काढायच्या, गच्चीवर पसरायच्या, आणि त्यांच्याच शेजारी जरा टेकायचं. उन्हात बसावंसं वाटणं ही ओमानमधली मोठी चैन आहे.

नेमक्या याच दिवसांत मला एक गाव आठवतं. मी तिथे कधी गेलेले नाही आणि आता जाईन असंही वाटत नाही. कॅनडाच्या टोकाला एका रुंद, गढूळ नदीकाठी ते आहे. तिथल्या वर्कशॉपच्या दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला छप्पर घातलेला लाकडी पूल लागतो, पूल ओलांडला की बटाट्याची शेतं, मग बंद पडलेली शाळा, आणि चढ चढून गेलं की टेकडीवर पांढरं चर्च. टेकडीच्या पायथ्याशी खारबांध. मला तिथे कुणी एकटीला सोडलं तरी मी कुणालाही न विचारता चर्चपर्यंत चालत जाईन. असं मी म्हणाले की हे हसतात, कारण सहमच्या बाजारातून घरी यायला मी अजून चुकते.

हे गाव मला माझ्या धाकट्या भावाने, याकूबने, फोनवरून दाखवलं.

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीच्या तोंडाशी राहणारे. नव्वदीच्या सुरुवातीला ह्यांनी सहमला जाळी, दोर आणि मासेमारीच्या सामानाचं दुकान टाकलं, आणि दोनेक वर्षांत याकूबही सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेकॅनिक म्हणून आला. सुट्टीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला असे. येताना हमखास काहीतरी बातमी आणायचा आणि ती बातमी हमखास फुगवलेली असायची. रस्त्यात उंट आडवा आला होता म्हणाला, तर ती बकरी समजायची. वाडीला, म्हणजे इथल्या कोरड्या ओढ्याला, पूर आला म्हणाला, तर घोटाभर पाणी. याकूबचं बोलणं निम्मं करून घ्यायचं, हा आमच्या घरातला शिरस्ताच होता. त्यालाही तो ठाऊक होता, म्हणून तो आधीच दुप्पट सांगत असावा.

त्याच्या कारखान्यात मशिनं बसवायला एक कॅनडाचा माणूस आला होता. याकूबच्या हाताला गुण आहे हे त्याने हेरलं आणि जाताना सांगून गेला की आमच्या गावाकडच्या वर्कशॉपला असाच माणूस हवा आहे. आम्ही ते नेहमीप्रमाणे निम्मं करून सोडून दिलं. पण कागद आले, व्हिसा झाला, आणि याकूब आपल्या बायकोला, नसीमला, घेऊन खरोखरच गेला. आम्ही आमच्या लेकीला सांगितलं की आता मामाचं गाव कॅनडात. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे मामा कुठे ना कुठे होतेच.

दर शुक्रवारी फोन यायचा. आमचा जुम्मा आटोपून, जेवणं उरकून घर पेंगुळलेलं असे, तेव्हा त्याच्याकडे कामावर जायच्या आधीची पहाट. बिर्याणीची भांडी तशीच ठेवून मी फोनपाशी बसायची. सुरुवातीला मला वाटायचं तो गाड्यांबद्दल, दुकानांबद्दल, मोठाल्या घरांबद्दल सांगेल. त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं ते असं: "आपा, हितं खारबांध हाय. उघाडीसकट."

मी ते निम्मंसुद्धा केलं नाही, सरळ उडवून लावलं. खारबांध म्हणजे आमच्या खाडीचा. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालायचा, त्यात लाकडी उघाडी बसवायची. ओहोटीला आतलं गोडं पाणी तिच्यातून निघून जातं आणि भरती आली की तिची फळी आपोआप मिटते. आमच्या आजोबांचं अर्धं आयुष्य तो बांध सांभाळण्यात गेलं. हे कॅनडात कुठून येणार? पण तो तावातावाने सांगत राहिला. उघाडीची फळी कुठल्या झाडाची आहे, बांधाच्या मातीत गवताची मुळं कशी गुंतवली आहेत, खेकडे भोकं पाडतात तेव्हा तिथली माणसं काय करतात. इतकं बारीक कुणी खोटं सांगत नाही. त्या दिवसापासून ते गाव मला परकं राहिलं नाही.

ही सगळी माहिती त्याला पुरवायचा तो एमिल नावाचा म्हातारा. आयुष्यभर त्याने शेती केली होती आणि चर्चच्या कबरी खणल्या होत्या. आता गुडघे गेल्यामुळे तो वर्कशॉपमधल्या शेगडीपाशी येऊन बसायचा. त्याची बोली फ्रेंच. त्याचं इंग्रजी लंगडं आणि याकूबचंही लंगडं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. त्या गावाला तिथे पॅरिश म्हणतात. याकूबने समजावलं, "पॅरिश म्हणजे आपली जमातच समज. चर्चची हद्द जिथवर, तिथवर पॅरिश. कोण जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोण गेलं, सगळं चर्चला ठाव."

त्या पॅरिशचा इतिहास मी असाच शुक्रवारी शुक्रवारी ऐकला. एमिलचे पूर्वज फ्रान्सहून आले. डोंगरातली झाडं तोडून शेती करायच्या ऐवजी त्यांनी दलदलीला बांध घातले आणि समुद्राकडून जमीन मागून घेतली. बऱ्याच पिढ्या नांदले. मग इंग्रजांचे सैनिक आले. राजा बदलला होता आणि यांच्या इमानाचा त्याला भरवसा नव्हता. घरं जाळली, माणसांना जहाजांत भरलं आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर नेऊन सोडलं. नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या. कितीतरी माणसं वाटेतच मेली आणि ज्यांची भाषाही कळत नव्हती अशा लोकांनी त्यांना मूठमाती दिली. काही घराणी खूप वर्षांनी पायी चालत परत आली. त्यांच्या जमिनींवर तोवर दुसरे बसले होते. म्हणून ती नदीच्या या वळणावर सरकली आणि पुन्हा पहिल्यापासून बांध घालायला लागली.

हे ऐकताना मी भांडी विसरायची. उम्म खमीस कधी कधी खजूर आणि कहवा घेऊन यायची, मी तिला माझ्या मोडक्या अरबीत सांगायची, आणि ती मान हलवून विचारायची की ज्यांनी घालवलं त्यांना काय मिळालं. मी तिच्या पेल्यात पुन्हा कहवा ओतायची.

आता मात्र ते पॅरिश आपसूकच रिकामं होत होतं. पोरं तेलाच्या कामाला देशाच्या दुसऱ्या टोकाला जात होती, आणि परत यायची ती लग्नाला किंवा मातीला. आमच्या मोहल्ल्याची कथा वेगळी थोडीच आहे. मी त्याला छेडलं, "सगळे तिथून निघतायत आणि तू तिथं जाऊन बसलायस." तो म्हणाला, "कोणीतरी जायला नको का?"

थंडीच्या गोष्टी तो सांगायचा त्या मात्र मी ठरल्याप्रमाणे निम्म्या करायची. नदीवरून ट्रक जातो म्हणाला, मी सायकल धरली. जमिनीचं लोखंड होतं, कुदळ मारली तर ठिणगी उडते म्हणाला, मी म्हटलं जरा घट्ट होत असेल. एकदा सांगितलं की हिवाळ्यात तिथे कबर खणता येत नाही, म्हणून गेलेलं माणूस चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवतात आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की पुरतात. मी त्याला गप्प केलं. जुम्म्याच्या दिवशी असलं काय बोलायचं?

तो जानेवारी होता. सहमला अवचित पाऊस लागला होता. डोंगरांकडून वाडी भरून आली होती, दुकानापुढे तांबडं पाणी वाहत होतं, आणि हे पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून जाळ्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवत होते. शुक्रवार नव्हता, तरी फोन वाजला. पलीकडे नसीम होती. याकूब दारापुढचं बर्फ उपसत होता, छातीत कळ आली, आणि आत आणेपर्यंत संपलं होतं. तिने हे इतक्या हळू सांगितलं की मला ते दोनदा विचारावं लागलं.

आमच्यात माणूस गेलं की मातीला वेळ लावत नाहीत. सहमची जमीन तर वाळूचीच; दुपारी कुणी गेलं तर हे आणि आजूबाजूचे दुकानदार फावडी घेऊन जातात आणि दिवस मावळायच्या आत हात धुऊन परत येतात. नसीमने सांगितलं, तिथे वादळ आहे, रस्ते बंद आहेत, मुसलमानांचं कब्रस्तान असलेलं शहर फार लांब आहे, आणि चर्चचे फादर म्हणाले आहेत की त्यांना दगडी खोलीत ठेवू. मी विचारलं, "एप्रिलपर्यंत?" ती हो म्हणाली.

बातमी कळताच आमच्याकडची दोन-तीन माणसं, शेजारच्या दुकानांतले रत्नागिरीचेच, येऊन बैठकीत बसली. प्रत्येकजण काही ना काही सुचवत होता. कुणी म्हणालं मय्यत इकडे आणा, कुणी म्हणालं गावी न्या. वादळात चाक हलत नाही तिथे विमान कुठलं? उम्म खमीस माझ्याशेजारी आतल्या दारात बसली होती. तिला कळेना की माती माणसाला आत घेत नाही असा मुलूख अल्लाने केला कशाला. याकूबने सांगितलेलं लोखंड पुरं लोखंडच होतं हे माझ्या ध्यानात येत होतं, आणि माझा भाऊ थंड दगडात तीन महिने वाट बघत पडणार होता.

पण नसीम गप्प बसली नाही. ती एमिलकडे गेली. काय बोलली ते तिने पुढे मला सांगितलं: आमच्यात थांबवत नाहीत, एवढंच. म्हातारा काठी टेकत फादरकडे गेला. चर्चच्या आवारात, नदीकडच्या उतारावर, कबरींच्या कुंपणाबाहेर एक कोपरा आहे. तिथे क्रूस नाहीत. नदीतून वाहत आलेले अनोळखी खलाशी, नाव न सांगता मेलेले वाटसरू यांना तिथे पुरलं आहे. एमिल फादरना म्हणाला, की आपली माणसं जहाजांतून नेली तेव्हा परक्यांनी त्यांना जागा दिली, म्हणून आपल्या वाडवडलांनी परत आल्यावर हा कोपरा राखला. हा माणूस आपल्यात राहिला, आपली यंत्रं दुरुस्त केली. त्याला त्या कोपऱ्यात जागा द्या. फादर म्हणाले जागा आहे, पण खणणार कशी?

दगडी खोली बांधायच्या आधी पॅरिशमध्ये जे करायचे ते एमिलने लहानपणी पाहिलं होतं. बर्फ बाजूला करून जमिनीवर लाकडं पेटवायची, वरून लोखंडी पत्रे टाकायचे, निखारे धुमसत ठेवायचे. वीतभर माती मऊ झाली की ती काढायची आणि खड्ड्यात पुन्हा आग. असं करत खाली जायचं. आता हे कुणी करत नव्हतं. वादळात कुणी येईल असं नसीमला वाटलं नव्हतं, पण लोक आले. ज्याने त्याने आपापल्या घरच्या शेगडीचं लाकूड आणलं. हिवाळा अजून अर्धा बाकी होता, तरी आणलं. दोन दिवस त्या उतारावर धूर होता. तोवर नसीमने नवऱ्याला स्वतः अंघोळ घातली, घरातल्या पांढऱ्या चादरींचं कफन केलं. त्या सबंध मुलखात दुसरं मुसलमान माणूस नव्हतं.

नसीमचा पुन्हा फोन आला तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ होत होती आणि तिकडे सकाळ. हे फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून बसले. मागून वाऱ्याचा आवाज येत होता, फावड्यांचा येत होता. नसीम म्हणाली, कबर तयार आहे, एमिल विचारतोय डोकं कुठल्या टोकाला.

हे म्हणाले, "डोकं उत्तरेला. तोंड मावळतीला." बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या वाडवडलांपासून असंच आहे. गावात किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, समुद्राच्या अंगाला, इथे ओमानात डोंगरांच्या अंगाला, पण दोन्हीकडे मावळतीलाच.

मग नसीम म्हणाली, "भाई, पण ते नमाज उगवतीकडे तोंड करून पढायचे."

बैठकीत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाला, पोर दुःखाने भांबावली आहे. दुसरा म्हणाला, किब्ला उगवतीला कसा असेल, याकूबच इतकी वर्षं चुकत असणार. त्याचं सगळंच तसलं. ह्यांनाही तसंच वाटलं. एरवी हे समजूतदार, पण त्या वेळी कुणाच्याच डोक्यात पृथ्वी गोल नव्हती. जन्मभर ज्या दिशेला वाकलो तीच दिशा सगळ्यांची, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी उठले, माणसांमधून गेले आणि फोन हातात घेतला. "नसीम, रोज तो कुठं तोंड करायचा?"

"खिडकीकडं, आपा. नदीच्या अंगाला. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर यायचं."

"मग तिकडंच ठेव," मी म्हणाले.

खणलेली कबर तीच राहिली, फक्त डोक्याची बाजू बदलली. दुवा इथून ह्यांनी म्हटली, तिथे नसीमने. मध्येच कुणीतरी फ्रेंचमध्ये काही पुटपुटत होतं, तो फादर असेल किंवा एमिल. माती पडल्याचा आवाज मी ऐकला. रडू मला तेव्हा आलं, तोवर आलं नव्हतं. आयुष्यभर मी त्याचं बोलणं निम्मं केलं आणि नेमकं या एका गोष्टीत त्याच्यावर पुरा विश्वास टाकला, तो त्याला कळला असेल का, हे मी आजही स्वतःला विचारते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल टेबलावर घेतला. दुकानातला बारीक नायलॉनचा दोरा आणला, एक टोक त्या नदीपाशी बोटाने दाबलं आणि दुसरं मक्केपर्यंत ताणलं. दोरा समुद्रावरून निघाला तो उगवतीच्याही जरा वरच्या अंगाला. मग आदल्या दिवशी जे जे बैठकीत होते त्यांच्या दुकानी जाऊन प्रत्येकाला सांगून आले.

नसीम उन्हाळ्यात आमच्याकडून होऊन रत्नागिरीला गेली. कबरीवर गवत आलं होतं म्हणाली, बांधावर येतं तसलंच खारं, जाडं गवत. एमिल त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी गेला, मऊ मातीत. चर्च आता सणासुदीलाच उघडतं असं कळलं. खारबांध अजून टिकून आहे.

इथे पुन्हा थंडी पडली आहे. दुपार कलली की असरच्या नमाजाला मी गच्चीवर जाते, कारण ऊन अंगावर घ्यायचं असतं. जानमाज डोंगरांकडे तोंड करून अंथरते. लहानपणी घरात आम्ही भावंडं नमाजाला उभी राहायचो ती सगळी एकाच बाजूला तोंड करून, मला याकूबची फक्त पाठ दिसायची, नाहीतर कान. आता डोंगरांच्या पलीकडे वाळवंट आहे, वाळवंटापलीकडे मक्का, तिच्यापलीकडे वाळवंट, समुद्र, मोठा समुद्र, मग गढूळ नदी, मग उतार. आणि त्या उतारावर बर्फाखाली माझा भाऊ कुशीवर निजला आहे, माझ्याकडे तोंड करून.